वायलापाताची टक्केवारी

निवडणूक रद्द झाल्याची बातमी वायलापाताला रेडिओवरून कळली. निवेदकाने गावाचं नाव चुकीचं घेतलं, आकडे मात्र बरोबर सांगितले. एकूण मतदार बाराशे चौदा, मतदान केलेले पाचशे त्र्याऐंशी. अठ्ठेचाळीस टक्के.

आमच्या देशात मतदान सक्तीचं आहे. न करणाऱ्याला दंड होतो आणि तो भरेपर्यंत बँकेत किंवा नोटरीकडे त्याचं काम अडतं. नगरपालिकेच्या निवडणुकीला आणखी एक अट आहे. निम्म्याहून जास्त मतदार गैरहजर राहिले तर ती निवडणूक झालीच नाही असं धरायचं, नव्याने घ्यायची, आणि तोवर जुन्या नगराध्यक्षाने कारभार पाहायचा.

वायलापाता आणि वरच्या चार वाड्यांचा जुना नगराध्यक्ष रेगुलो बार्बोसा राहायचा आयाकुचो शहरात. ऑगस्टमध्ये गावच्या संताच्या उत्सवाला तो बँड घेऊन यायचा आणि बँडबरोबरच परत जायचा. गावाचा कारभार तो फोनवर चालवी, आणि वायलापातात फोनची रेंज फक्त दफनभूमीच्या टेकाडावर मिळते. कायद्याने त्याला पुन्हा उभं राहता येत नव्हतं म्हणून त्याने मेहुण्याला उभं केलं होतं. मेहुणा पडला. झालेल्या मतांपैकी दोन तृतीयांश मतं सिरिला पारियोनाला पडली. ती लहान मुलांच्या दूधवाटप समितीची प्रमुख होती, वय चव्वेचाळीस, आणि गावातलं एकही घर असं नव्हतं जिथे तिने दुधाचा डबा पोचवला नव्हता. रविवारी ती जिंकली. दोन आठवड्यांनी रेडिओने सांगितलं की ती जिंकली नाही.

"पण आम्ही सगळे होतो!" चौकात पहिला आवाज उठला तो हाच. आवाज तिबुर्सिओचा होता. तो गावाच्या सामूहिक जमिनीचा प्रमुख, श्रमदानाला हजेरी घेणारा माणूस. "मी स्वतः बघितलं. कोण नव्हतं? नाव सांगा."

नाव कुणालाच सांगता येईना.

शेजारच्या साक्सापाम्पाच्या बाजारात मात्र लोकांना चांगलंच सुचायला लागलं. "या, या, गैरहजर गाव आलं!" कांदे विकणाऱ्या बायका म्हणायच्या. "तुमच्यात हजेरी कोण घेतं हो, वारा?" वायलापाताच्या बायका कांदे न घेता परत आल्या आणि दोन रविवार गावात बिनकांद्याचं सूप शिजलं.

पहिला उपाय सगळ्यांना एकच सुचला. लिमातल्या लोकांना आणा. वायलापाताचे दोनशेहून जास्त मतदार राजधानीत, लिमात राहतात. पत्ता ते बदलत नाहीत. गरीब गावच्या माणसाला दंड कमी असतो हे एक कारण. दुसरं कारण ते स्वतः सांगतात ते असं, की कार्डावर लिमा लिहिलं तर मग उरलं काय. लिमातल्या वायलापातावासीयांच्या मंडळाचा अध्यक्ष विल्मर फोनवर म्हणाला, "सिरिला, बिलकूल काळजी करू नको. पुढच्या वेळी दोन बसगाड्या भरून आणतो." टेकाडावर उभं राहून सिरिलाने त्याचे आभार मानले. विल्मरच्या दोन बसगाड्या गावाने गेले तीन उत्सव ऐकल्या होत्या.

शाळेच्या दारावर मतदारयादी अजून चिकटलेलीच होती. ओळीने चेहरे, खाली नावं. एका सकाळी दूधवाटप आटोपल्यावर सिरिला आणि तिची कोमाद्रे फिदेन्सिया यादीसमोर उभ्या राहिल्या. फिदेन्सियाच्या धाकट्या मुलीची सिरिला धर्ममाता होती, म्हणून दोघी एकमेकींना नावाने न हाकारता कोमाद्रे म्हणत. कोण आलं नव्हतं ते एकेक तोंड पाहून काढायचं, असं ठरलं होतं.

"हा बघ, माझा सासरा," फिदेन्सिया म्हणाली. "कसा बघतोय. जसं काही मीच सूप करपवलंय."

"तो आला नव्हता?"

"कसा येणार, कोमाद्रे? पूल वाहून गेला त्या वर्षी गेला की तो."

"मग यादीत काय करतोय?"

"तुझा बाप करतोय तेच."

सिरिलाने तीन ओळी खाली पाहिलं. सोसिमो पारियोना, टोपी काढायला लावल्यामुळे कपाळ पांढरं, ओठ घट्ट मिटलेले. त्यालाही जाऊन तीन वर्षं झाली होती.

त्या दोघी दुपारपर्यंत दारासमोरून हलल्या नाहीत. एकीने नाव वाचायचं, दुसरीने घर आठवायचं. यादीतली त्र्याहत्तर माणसं दफनभूमीत निघाली. प्रत्येक घराला आपापलं माणूस माहीत होतं, आपण नोंद केली नाही हेही माहीत होतं. आपलं एकच घर तसं, असं प्रत्येकाला वाटत होतं, त्यामुळे बेरीज कुणी केली नव्हती.

नोंद न करण्याचं कारण आमच्याकडच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. मृत्यूची नोंद करायची तर मेलेल्याचं ओळखपत्र कचेरीत जमा करावं लागतं. वायलापातात ओळखपत्र मेलेल्याबरोबर जातं. उकडलेला मका, कोकाची पानं, सुई-दोरा आणि कार्ड. कार्डाच्या मागे दर मतदानाला एक चमकणारा स्टिकर लागतो, त्या स्टिकरांची बाजू वर करून ठेवतात. हिंसेच्या वर्षांत, बंडखोर आणि लष्कर लढत होते तेव्हा, रस्त्यावर चौक्या होत्या आणि कागद नसलेल्या माणसाला गाडीतून उतरवत. उतरवलेला परत यायचाच असं नव्हतं. त्या वर्षांत जे जगले त्यांनी आपल्या मुलांना एवढंच सांगून ठेवलं की मला कागदाशिवाय पाठवू नका.

गावची नोंदणी आब्दियास कुरिवामान बघायचा. तो साक्सापाम्पाचा, पण त्याचा दोष कुणी काढत नसे, कारण तो सगळ्यांशी सारखाच रुक्ष होता. सिरिला त्याच्या कचेरीत गेली.

"सेन्योर आब्दियास, आमची त्र्याहत्तर माणसं यादीत जास्त आहेत."

"माझ्या माहितीत तेवढी नाहीत," तो म्हणाला. "पण बरीच आहेत."

"मग काढा ना."

"मी कोण काढणारा? घरच्यांनी यायला हवं. अर्जात दोन रकाने आहेत. कार्ड जोडलं आहे, किंवा कार्ड हरवलं आहे. यातलं एक सांगायचं, सही करायची. मी लिमाला पाठवतो, लिमा नाव काढतं. पुन्हा निवडणुकीची यादी बंद व्हायला वेळ आहे."

"लोक कार्ड खणून थोडेच आणतील?"

"म्हणून तर दुसरा रकाना आहे."

दुसऱ्या रकान्यापाशीच सगळं अडलं. सिरिला घरोघर फिरली. लोकांनी तिला बसायला मेंढीचं कातडं दिलं, खायला गरम बटाटे दिले, आणि नाही म्हटलं. हरवलं असं कसं सांगायचं? हरवलेलं नाही. ज्या हाताने खिशात ठेवलं त्याच हाताने हरवलं म्हणून अंगठा द्यायचा? काहींची भीती वेगळी होती. नाव काढलं की कार्ड रद्द होणार. मग तिकडच्या वाटेवर कुणी तपासलं तर?

रेगुलोच्या माणसांनी ही भीती उचलून धरली. सिरिला मेलेल्यांना बेकायदा करतेय, असं गावभर झालं.

तिबुर्सिओने तिला वाटेतच अडवलं. "उमेदवारबाई, एक विचारू? तुमच्या घरचा अर्ज दिलात का?"

"अजून नाही."

"हं. दुसऱ्यांच्या बापांपासून सुरुवात केलीत म्हणायची."

सिरिला घरी गेली.

तिची आई तेओदुला अंगणात पेरणीचे बटाटे निवडत बसली होती. शहात्तरची बाई, दोन्ही गुडघे गेलेले, डोळे शाबूत. कोंब आलेले बटाटे एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या.

"मामाय, बाबांच्या नोंदीवर तुझा अंगठा हवा."

"कसली नोंद? मेल्याची? मेलाय हे सगळ्यांना माहीत आहे. जेवायला आला होता सगळा गाव. तुझा तो आब्दियास दोनदा वाढून घेत होता."

"सरकारला माहीत नाही."

"सरकारला बोलावलं नव्हतं."

"मामाय, चेष्टा नको. त्याचं नाव यादीत आहे म्हणून तो गैरहजर धरला जातो. असे त्र्याहत्तर आहेत. ते निघाले तर निवडणूक टिकते. नाही निघाले तर रेगुलो बसतो आणखी, मग पुन्हा तेच."

तेओदुलाचे हात थांबले. "तुझा बाप गैरहजर?"

"यादीत."

"तुझा बाप कधी गैरहजर राहिला? ताप असताना गेलेला माणूस आहे तो."

"म्हणूनच म्हणते, हरवलं आहे एवढं सांगून..."

"हरवलेलं नाही. मी ठेवलंय. शर्टाच्या डाव्या खिशात, वरून बटण लावलंय. मी खोटं सांगू? त्याच्याबद्दल?" तिने बटाटा टोपलीत टाकला. "पम्पास नदीच्या पुलावर दोघा भावांना उतरवलं होतं गाडीतून. दोघांकडे कागद नव्हते. तुझा बाप परत आला. तुझा काका आनाक्लेतो आला नाही. कागद मिळाल्यावर सोसिमो तो कागद छातीशी घेऊन झोपायचा, तू लहान होतीस, तुला आठवणार नाही. आणि आज तू त्याला पुन्हा बिनकागदाचा करायला निघालीस. खुर्चीसाठी."

"तिकडे चौकी नाही, मामाय."

"तू जाऊन आलीस?"

सिरिला उठली. दुसऱ्या दिवशी आब्दियासने तिला रस्त्यात थांबवून हळूच सांगितलं, "तुम्ही मुलगी आहात. कायद्याने तुमची एकटीची सही पुरते. आईला विचारायची गरज नाही. तुमची एक सही झाली की बाकीची घरं येतील."

त्याचं म्हणणं खरं होतं. पहिली सही तिची झाली तरच बाकीच्या होणार, हे गावात सगळ्यांनाच कळत होतं. तिने त्याला एवढंच सांगितलं, की सर्व आत्म्यांच्या दिवशी टेबल घेऊन दफनभूमीत या.

"दफनभूमीत? कचेरी सोडून?"

"त्या दिवशी गाव तिथे असतं. कचेरीत तुम्ही एकटे बसणार."

आब्दियासने विचार केला. "नोंदवही आणि शिक्का जिथे, तिथे कचेरी," तो म्हणाला. "नियम तसाच आहे. पण टेबल तुम्ही आणायचं."

नोव्हेंबरच्या दोन तारखेला वायलापाता टेकाडावर चढलं. प्रत्येक कबरीवर घोंगडी अंथरलेली, त्यावर मेलेल्याच्या आवडीचं जेवण. गिनी पिगचं कालवण, मक्याची लापशी, बाळाच्या आकाराचे पाव, जमिनीवर आधी ओतून मग प्यायची चिचा, म्हणजे मक्याची दारू. शाळेतून आणलेलं टेबल फाटकाजवळ ठेवलं होतं आणि आब्दियास त्याच्यामागे कोट घालून बसला होता. लोक त्याला पाव देत होते, चिचा देत होते. अर्ज द्यायला कुणी येत नव्हतं. सगळ्यांची पाठ टेबलाकडे होती आणि लक्ष सिरिलाकडे.

तिबुर्सिओ त्याच्या वडिलांच्या कबरीवरून मोठ्याने म्हणाला, "सुरुवात करा ना मग. पहिलं नाव कुणाचं?"

सिरिला टेबलाजवळ गेली. अर्ज तिच्या पुढ्यात होता, तिच्या वडिलांचं नाव आब्दियासने आधीच भरलेलं होतं. त्याने पेन पुढे केलं. तिने ते घेतलं नाही.

"मला सही करता येते," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "सेन्योर आब्दियास म्हणतात माझी सही चालते. पण मी करणार नाही. बाबांच्या खिशात ते कार्ड माझ्या आईने ठेवलं. सांगायचं तर तिने सांगायचं. तिने नाही सांगितलं तर बाबांचं नाव यादीत राहील, तुमच्या माणसांची राहतील, आणि आपण पुन्हा हरू. हरलो तर हरलो. मी कुणाच्या आईच्या डोक्यावरून सही घेऊन खुर्चीवर बसणार नाही, माझ्याही नाही."

फिदेन्सिया पुटपुटली, "झालं. गेली निवडणूक."

टेकाडावर वारा होता, घोंगड्यांची टोकं उडत होती. तेओदुला नवऱ्याच्या कबरीपाशी बसली होती. तिने भांड्यातली उरलेली चिचा मातीवर ओतली, काठी रोवली आणि उठली. मदतीला आलेला हात बाजूला केला. फाटकापर्यंत यायला तिला वेळ लागला. 

"काय रे," ती आब्दियासला म्हणाली. तो पन्नाशीचा होता, पण त्याच्या आईची ती मैत्रीण होती, आणि तो तिला मामा, म्हणजे आई, म्हणत असे. "माझ्या नवऱ्याच्या कार्डाबद्दल काय लिहिणार तू?"

"दोनच रकाने आहेत, मामा तेओदुला. जोडलं आहे किंवा..."

"जोडलेलं नाही. हरवलेलं नाही. मी विचारते, तू काय लिहिणार?"

आब्दियासने अर्जाकडे पाहिलं. वीस वर्षांत त्याने एकही रकाना रिकामा ठेवला नव्हता. त्याने दोन्ही रकान्यांवर आडवी रेघ मारली. मग खाली लिहायला लागला.

"मोठ्याने वाच."

"ओळखपत्र धारकाकडेच आहे. शर्टाचा डावा खिसा."

"बटण लावलेलं."

"... बटण लावलेलं."

"आता हे लिही, की तो प्रत्येक मतदानाला गेला. एकही चुकवलं नाही."

"त्याला जागा नाही या अर्जात."

"कडेला आहे की मोकळी."

"तो समास आहे, मामा."

"मग समासात लिही. सरकार माझ्या नवऱ्याला गैरहजर म्हणतंय आणि त्याला खोडायला तुझ्याकडे जागा नाही?"

त्याने लिहिलं. अक्षर बारीक, पण सुवाच्य. धारकाने हयातीत प्रत्येक निवडणुकीत मतदान केले. तेओदुलाने ते परत वाचायला लावलं, शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं, मग अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. आब्दियासने शिक्का मारला. तिने शिक्क्यावर फुंकर घातली.

"आता कुठे कुणी अडवलं त्याला," ती वळून टेकाडाला म्हणाली, "तर कागदावर लिहिलंय. कार्ड त्याच्याकडे आहे, आणि सगळं भरलेलं आहे."

तिबुर्सिओ पहिला आला. टोपी हातात घेऊन. "माझ्या बापाचं लिहा. पाय मोडला होता तेव्हा खेचरावरून उतरला होता मतदानाला. ते समासात घाला."

"माझी आई वाचत नव्हती. पण चिन्ह ओळखायची. तेही घाला."

"ओळीने या," आब्दियास म्हणाला. "आणि थोडक्यात सांगा."

ओळ फाटकाबाहेर गेली. चार आठवड्यांमागे मतदानाला जशी लागली होती तशीच, त्याच माणसांची, फक्त या वेळी ती स्वतःसाठी नव्हती. पुढचा काय सांगतो ते मागचा ऐकत होता आणि आपलं वाक्य तयार करत होता. कुणी हसत होतं, कुणी डोळे पुसत होतं. बहुतेकजण एकाच वेळी दोन्ही करत होते.

फिदेन्सियाची पाळी आली. "माझा सासरा. प्रत्येक वेळी मत दिलं. एकदा सोडून."

"एकदा का नाही?" आब्दियासने विचारलं.

"लग्न होतं."

"कुणाचं?"

"त्याचंच. दुसरं."

मागे हशा पिकला. "ते नका लिहू," कुणीतरी ओरडलं.

"लिहा," फिदेन्सिया म्हणाली. "खरं आहे ते लिहा. एकदा सोडून."

त्या दिवशी सगळे अर्ज झाले नाहीत. उरलेले पुढच्या आठवड्यात झाले, कचेरीत, कारण आब्दियासची बोटं धरून आली होती. त्र्याहत्तर अर्ज लिमाला गेले, समासासकट. लिमाहून समासांबद्दल कुणी काही विचारलं नाही. नवी यादी आली तेव्हा त्र्याहत्तर नावं गेलेली होती आणि अठरा पूर्ण केलेली नऊ वाढलेली. अकराशे पन्नास.

पुन्हा मतदान जुलैत, आमच्या ऐन हिवाळ्यात झालं. सकाळी गवतावर बर्फ कडक होतं. विल्मरच्या दोन बसगाड्यांपैकी एक आली, तीत तेवीस माणसं होती. त्यांतल्या दोघांचा पत्ता लिमाचाच निघाला, ते फक्त जेवायला आले होते. त्यांना वाढलं गेलं. सत्तरीच्या पुढच्यांना मतदानाची सक्ती नाही, दंडही नाही, पण यादीत ते मोजले जातात हे आता गावाला पाठ झालं होतं. म्हातारी माणसं उन्हं चढायच्या आधीच शाळेच्या व्हरांड्यात येऊन बसली होती. तेओदुला त्यांच्यात होती. खेचरावरून उतरताना तिने सिरिलाकडे पाहिलंसुद्धा नाही. उमेदवाराच्या आईने मतदानाच्या दिवशी उमेदवाराशी बोलू नये, असं तिचं मत होतं.

मतमोजणी शाळेच्या एका वर्गात झाली. मतदान केंद्राची प्रमुख चिठ्ठी काढून निवडलेली पंचविशीतली शिंपीण होती. तिने निकाल फळ्यावर खडूने लिहिला आणि दाराशी येऊन वाचला. मतदार अकराशे पन्नास. मतदान केलेले सहाशे सोळा. सिरिला पारियोनाला चारशे एकोणीस. रेगुलोचा मेहुणा बाकीच्यातला बराचसा भाग घेऊन गेला, तो आमच्या हिशेबात नव्हता.

"टक्केवारी?" तिबुर्सिओने विचारलं.

"साडेत्रेपन्न."

टाळ्या पडल्या नाहीत. माणसांनी टोप्या काढल्या आणि परत घातल्या. मग बँड लागला. तो रेगुलोने मेहुण्यासाठी आणलेला होता आणि त्याची बिदागी आधीच दिलेली होती.

शहराच्या रेडिओचा एक तरुण वार्ताहर आला होता. त्याने सिरिलासमोर माइक धरला. प्रश्न चांगला होता, विचारायलाच हवा असा. "सेन्योरा सिरिला, अभिनंदन. पण साडेत्रेपन्न टक्के. देशात मतदान सक्तीचं आहे, बाकी ठिकाणी ऐंशीच्या वर जातं. तुमच्याकडे जवळपास निम्मे लोक आलेच नाहीत. यात अभिमान बाळगण्यासारखं काय आहे?"

सिरिलाने वर उताराकडे पाहिलं. ती भाषण करणारी बाई नव्हे.

"जे आले नाहीत ते लिमात आहेत, खाणीत आहेत, खाली जंगलात कॉफी तोडतायत," ती म्हणाली. "त्यांनाही मोजा, ते आपलेच आहेत, मी नाही म्हणत नाही. पण तुम्ही इथून वर बघा. उतारावर. काय दिसतं?"

तो वळला. समोरच्या उतारावर वायलापाताची घरं एकावर एक रचल्यासारखी होती, मातीच्या भिंती, पत्र्याची छपरं, प्रत्येकाला चुलीचं नळकांडं.

"घरं," तो म्हणाला.

"धूर दिसतो?"

त्याने नीट पाहिलं. दिवस कलायला आला होता. या वेळेला डोंगरावरच्या गावातून धूर दिसायलाच हवा, नाहीतर गाव ओसाड पडलेलं असतं. "एका घरातून," तो म्हणाला. "फक्त त्या तिथे."

"तिथे एउफ्रासिया पहाटे बाळंत झाली. तिच्यासाठी रस्सा चाललाय. तिची गैरहजेरी लिहून घ्या, ती आली नाही. बाकी सकाळपासून एकाही घरात चूल पेटलेली नाही, कारण पेटवायला घरी कुणी नव्हतं. सगळे इथे होते. आता तुमची टक्केवारी सांगा."

वार्ताहराच्या बातमीत नंतर साडेत्रेपन्न हा आकडा बरोबर आला, आणि एका वाक्यात धुराचा उल्लेख आला. गावाचं नावही या वेळी नीट उच्चारलं गेलं.

तेओदुलाने लेकीचा पदर ओढावा तशी शालीची कड ओढली. मतदान संपलं होतं, आता बोलायला हरकत नव्हती. "भाषण झालं असेल तर चल. घरात पाणीसुद्धा तापवलेलं नाही."

"मामाय, लोक अभिनंदन करतायत."

"करू देत. तू निवडून आलीयस, मी उपाशी आहे."

चौकातून माणसं वर निघाली, घराघराने, खेचरं मागे, पोरं पाठीवर. थोड्या वेळाने खालच्या आळीतल्या एका नळकांड्यातून धूर आला, मग शेजारच्या, मग वरच्या वाडीपर्यंत एकेका छपरावर तो चढत गेला. सिरिलाला वाटेत सगळ्यांशी बोलावं लागलं. त्यांच्या छपरावरचा धूर गावात सगळ्यांत शेवटी दिसला.